आपांची जागा

"मग हे सगळं शिकवलंत कशाला?"

सन्मती दारातच उभी होती. पाठीवर गिटारची बॅग, पायात बूट. आत ये म्हणायची तिनं वाट पाहिली नाही, आणि आतही आली नाही.

शलमोन सर खिडकीला टांगलेल्या आरशापुढे दाढी करत होते. एक गाल झाला होता. दुसऱ्यावर साबण होता.

"काय सगळं?" त्यांनी आरशातच पाहत विचारलं.

"स्केल्स. मेजर, मायनर, पेंटाटोनिक, डोरियन... गिटारच्या दांडीवर अशी एक जागा सांगा, जिथं मी डोळे मिटून जाऊ शकत नाही."

"नाही सांगता येणार."

"मग?"

सरांनी रेझर मगातल्या पाण्यात बुडवला. ढवळला. बाहेर काढला.

"मग?" तिनं पुन्हा विचारलं.

...

मिरजेत वाजवणाऱ्या माणसांमध्ये शलमोन सातपुते यांना ओळखत नाही असा कुणी नव्हता. तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत गावोगाव हिंडले. आता रविवारी चर्चमध्ये वाजवत आणि बाकीचे दिवस शिकवत. बोलणं कमी. शाबासकी त्याहून कमी.

सन्मती मगदूम ही त्यांची सगळ्यात तयार शिष्या. शाळेत असल्यापासून सांगलीहून बसनं यायची. ताल मोजणारा मेट्रोनोम लावून तिनं सुरांच्या चढ-उताराचं एकेक स्केल घासलं होतं. तारांनी बोटांना घट्टे पडले, ते सोलले, पुन्हा पडले. गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या स्पर्धेत ती पहिली आली. तिचा तो व्हिडिओ लोक वेग कमी करून पाहायचे. एरवी बोटं दिसत नसत.

भांडण कालच्या तालमीचं होतं.

जुन्या ऑर्केस्ट्रातल्या गायिका रझिया मुल्ला, सगळ्यांच्या रझियाआपा, गळ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच गाणार होत्या. उद्या संध्याकाळी, नाट्यगृहात. बोलता येईल, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. गाण्याचं कुणीच काही म्हटलं नव्हतं.

गाणं एकच होतं. संथ. त्यांच्याच पेटीवाल्यानं कधीकाळी बांधलेलं. मधोमध एकट्या गिटारचा सोलो, आणि तो आधी ठरवून वाजवायचा नाही, त्या त्या वेळी सुचेल तसा वाजवायचा, अशी रीत. वर्षानुवर्षं तो शलमोन सरांचा होता. या वेळी त्यांनी तो सन्मतीला दिला होता.

काल ती सोलो वाजवत असताना सर उठले. आवाज मोठा करणाऱ्या अॅम्पपाशी गेले. आणि त्यांनी तिच्या गिटारची वायर उपटली.

फट् असा आवाज झाला. मग काहीच नाही. तिची बोटं मात्र क्षणभर तशीच धावत राहिली. कोरड्या तारांची नुसती टिकटिक.

ड्रमवाला हसला.

"चहा घ्या सगळे," सर म्हणाले आणि निघून गेले.

...

"सगळ्यांसमोर," सन्मती आता म्हणत होती. "सर, सगळ्यांसमोर! मी काय काल आलेय तुमच्याकडं? शाळेची सहल सोडली मी तुमच्या क्लाससाठी. बहिणीच्या हळदीत कोपऱ्यात बसून मांडीवर बोटं फिरवत होते. आई म्हणाली, ही पोरगी वेडी आहे. आणि तुम्ही... हात वर करायचा होता. थांब म्हणायचं होतं. मी थांबले असते! तुम्ही थांब म्हटल्यावर मी कधी थांबले नाही का? वायर... उपटलीत."

सरांनी रेझर खाली ठेवला.

भिंतीवरची साधी गिटार काढून ते खाटेवर बसले. गालावर साबण तसाच.

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मोजकेच सूर होते. पहिला खालून आला. तोच पुन्हा आला, जास्त जोरात. मग घाईघाईत एक मोठी ओळ, श्वास संपेपर्यंत. एक प्रश्न, वर जाऊन लटकलेला. आणि शेवटी दोन तुटक सूर, मधे मोकळी जागा सोडून.

वायर... उपटलीत.

सन्मतीला आपलंच बोलणं ओळखायला वेळ लागला नाही. तिचा चेहरा लाल झाला.

"चेष्टा करताय माझी?"

"नाही. वाजवतोय."

"हे कुठलं स्केल म्हणायचं?"

"तू सांग. भांडत तू होतीस."

...

सन्मतीनं बॅग दारातच खाली ठेवली. बूट काढले नाहीत.

"मी इथं शिकायला आलेले नाही आज."

"दिसतंय."

"मला उत्तर हवंय."

"कालचा सोलो म्हण."

"म्हणजे?"

"गाऊन दाखव."

"तो गाता येणार नाही. फास्ट आहे. कुणालाच येणार नाही."

"हळू गा."

तिनं तोंड उघडलं. सुरुवात आठवली. खालून वर गेली. वरून खाली आली. मग तेच, चार-चार सुरांच्या गटांनी. मग तेच उलट. आपण पाढे म्हणतोय, असं तिला वाटलं. ती मधेच थांबली.

"माझा गळा कधी नव्हताच," ती म्हणाली. "म्हणून तर गिटार घेतली."

"श्वास कुठं घेतलास काल?"

"गिटारला श्वास लागत नाही."

शलमोन सर ताडकन उठले.

"रझियाला लागतो!"

त्या खोलीत एवढ्या मोठ्यानं कधी कुणी बोललं नव्हतं. शिकणाऱ्यांनी तर नाहीच, सरांनीही नाही.

"तुझ्या शेजारी उभी होती ती! आत यायला वाट शोधत होती. तोंड उघडायची, मिटायची. पुन्हा उघडायची. एवढ्या आजारातून उठून आलेली बाई, आणि तू चढतेयस, उतरतेयस, चढतेयस, उतरतेयस! जिना झाडायला घेतलास काय? एकदा तरी बघितलंस तिच्याकडं? एकदा?"

सन्मतीनं बघितलं नव्हतं. तिची नजर आपल्या बोटांवर होती.



पण राग गेला नाही. आता तर तो दुप्पट झाला, कारण सरांचं म्हणणं खरं होतं आणि तरीही तिचंही खोटं नव्हतं.

"मग हे मला काल का नाही सांगितलंत?" तिचा आवाज चिरकला. "कानात सांगायचं. आपांकडं बोट दाखवायचं. मला कळलं नसतं का? शिकवायचं कसं, हे आता मी तुम्हाला सांगू?"

...

सरांच्या गालावरचा साबण वाळून पापुद्रा धरू लागला होता.

"मला राग आला," ते म्हणाले.

"तुम्ही गुरू आहात."

"म्हणून?"

"म्हणून... राग आला तरी..."



"चुकलं माझं," सर म्हणाले.

सन्मती सगळ्याची तयारी करून आली होती. बसमध्ये तिनं सरांची सगळी उत्तरं मनात म्हणून पाहिली होती आणि एकेक खोडून काढलं होतं. हे त्यात नव्हतं.

"इथं चार भिंतींत चुकलं म्हणून काय उपयोग?" ती तरीही म्हणाली. "केलंत सगळ्यांसमोर."



"बरोबर आहे," ते म्हणाले आणि त्यांनी चपला घातल्या. "चल."

"कुठं? सर, दाढी..."

"चल."

...

अर्धा गाल तुळतुळीत आणि अर्धा पांढरा, असे शलमोन सर भरदिवसा रस्त्यानं निघाले. सतारमेकरांच्या दुकानांवरून त्यांची रोजची वाट. तंबोऱ्याचे भोपळे घासणारे हात थांबले.

"काय सर, अर्धीच?"

"हिची वायर उपटली मी काल, सगळ्यांसमोर," सर म्हणाले. "म्हणून अर्धीच."

विचारणाऱ्याला काही कळलं नाही. त्यानं मान हलवली.

पुढच्या वळणावर चहावाल्यानं विचारलं. त्यालाही तेच उत्तर मिळालं. चर्चमधल्या एक बाई भाजी घेऊन येत होत्या. त्या थबकून उभ्या राहिल्या. त्यांनाही तेच.

"पुरे, सर," सन्मती दबक्या आवाजात म्हणाली.

"नाही."

ड्रमवाल्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. सर पायरी चढून आत गेले. गिऱ्हाईक होतं, तरी गेले.

"काल हसलास तू," ते म्हणाले. "चुकीच्या माणसाला हसलास. वायर मी उपटली होती. हसायचं तर मला हस."

ड्रमवाल्यानं सरांच्या गालाकडं पाहिलं. त्याला हसू येत होतं आणि हसण्याची सोय नव्हती.

"सॉरी," तो सन्मतीकडं पाहून पुटपुटला.

बॅग पुन्हा पाठीवर घेऊन सन्मती कधी सरांच्या मागं चालत होती, कधी चिडून पुढं जात होती. तिला हेच तर हवं होतं. आणि आता ते मिळत असताना आपल्या हातचा राग कुणीतरी काढून घेतंय, असं वाटून ती आणखीच चिडत होती.

"आता कुठं?" तिनं विचारलं.

"जिच्यासाठी केलं तिच्याकडं."

...

रझियाआपा घराच्या पायरीवर बसून लसूण सोलत होत्या. गळ्याभोवती मऊ ओढणी गुंडाळलेली, खालची खूण दिसू नये म्हणून.

"या अल्ला! शलमोन, हे काय ध्यान करून आलास?"

त्या हसल्या. हसताना आवाज फाटला, तशी त्यांनी ओढणीवर हात ठेवला.

सरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काल वायर का उपटली. आज ही भांडायला का आली. दाढी अर्धी का राहिली.

आपांचं हसू हळूहळू मावळलं.

"माझ्यासाठी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी सांगितलं होतं तुला?"

"...नाही."

"मग तू कोण?"

सरांचा हात गालाकडं गेला.

"मी तिथं उभी होते ना, शलमोन? चांगली उभी होते. पाय होते मला, हात होते. जाऊन हिच्या खांद्यावर थापटी मारली असती, म्हटलं असतं, पोरी, सरक, मी येतेय. तू मधे कोण? घरात मुलगा म्हणतो, अम्मी बोलू नको. सून म्हणते, गार पिऊ नका. बाहेर निघाले की गल्ली विचारते, बरं आहे ना आपा? सगळ्यांनी मिळून मला काचेची बरणी करून फळीवर ठेवलीय. आणि आता तूही? माझी जागा मला करून देणार तू? जागा कुणी करून देत नसतं. जागा मी घेते. आयुष्यभर मी..."

पुढचे शब्द आले नाहीत. ओठ हलले, नुसती हवा आली.



लसणाची सालं वाऱ्यानं पायरीवरून खाली गेली.

"आणि तू," आवाज परत आल्यावर आपा सन्मतीकडं वळल्या. "आत ये. बूट काढ."

सन्मतीनं बूट काढले.

...

आतल्या खोलीत चटईवर बसून तिनं गिटार काढली. अॅम्प नव्हता. इलेक्ट्रिक गिटारचा तसा येतो तेवढा बारीक, पत्र्यासारखा आवाज.

"वाजव ते तुझं कालचं."

सन्मतीनं वाजवलं. आपांनी लसूण सोलत ऐकलं. सर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं.

"सूर किती आहेत त्यात?"

"पाच, आपा. पेंटाटोनिकमध्ये पाचच असतात."

"त्यातला तुझा कुठला?"

"माझा म्हणजे?"

"ज्याच्यावर थांबावंसं वाटतं, तो."

सन्मतीनं दांडीकडं पाहिलं. तिथं तिला सगळे सूर दिसत होते, कुठला कुठल्या बोटाखाली ते. थांबण्याचा विचार तिनं कधी केला नव्हता.

"सोलोत थांबायचं नसतं, आपा. थांबलं की लोकांना वाटतं, विसरली."

"वाटू दे की."

आपांनी सुरी खाली ठेवली आणि गाण्यातली एक ओळ म्हटली. आवाज जुन्या रेकॉर्डवरचा नव्हता. मधे खरखर होती, वरचा सूर जेमतेम गाठला. ओळ संपवून त्यांनी हनुवटीनं खूण केली. तू.

सन्मतीनं उत्तर वाजवलं. चढली. उतरली. पुन्हा चढली.

"सलमा!" आपांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून सुनेला हाक मारली. "आमटीत मीठ घातलंस का गं?"

"घातलं, अम्मी."

"चिंच?"

सन्मतीचे हात थांबले.

"आपा, मी वाजवतेय!"

"अगं, हो का? मला वाटलं, तुझं माझ्याशी बोलणं संपलं. तू आपली तुझ्याशीच बोलत बसलीस."

सन्मतीनं ओठ आवळले. ही माणसं ठरवून आपला अपमान करताहेत, असं तिला वाटलं. उठून जावं, असंही वाटलं. पण समोरच्या बाईनं पुन्हा तीच ओळ म्हटली, आणि या वेळी वरचा सूर गाठताना तिच्या मानेची शीर ताठ झालेली सन्मतीनं पाहिली.

तिनं वाजवलं. जरा कमी.

"सलमा, पापड भाजलेस का?"

पुन्हा ओळ. पुन्हा उत्तर. पुन्हा स्वयंपाकघरातली चौकशी. सलमाला आत हसू आवरत नव्हतं. ते ऐकू येत होतं.

होता होता सन्मती एवढी वैतागली की तिनं दोनच सूर वाजवले. ठक, ठक. दार आपटल्यासारखे. आणि तारा छेडायचा पिक चटईवर टाकून दिला.

आपांनी मान वर केली.

त्यांनी ते दोन सूर ऐकले, थोडं थांबल्या आणि तिथूनच पुढची ओळ उचलली. पुढची ओळ त्या सुरांची वाट पाहत बसल्यासारखी आली.

सन्मती बघत राहिली.

"हां," कोपऱ्यातून सर म्हणाले.

"तू गप्प बस," आपा म्हणाल्या.

...

दोघं परत निघाले. ऊन चढलं होतं. सरांच्या गालावरचा साबण केव्हाच झडून गेला होता, खुंट तेवढे उरले होते.

"मग स्केल्स सोडून देऊ?" सन्मतीनं विचारलं. विचारण्यात अजून धार होती.

"सोडशील कशी? बोटांत गेलीत ती."

"मग काय करू त्यांचं?"

सर चालत राहिले.

"सकाळी माझ्याशी भांडलीस. शब्द शोधावे लागले?"

"नाही."

"का?"

सन्मती थांबली. सर थांबले नाहीत.

...

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, नाट्यगृह भरलं होतं. पंखे फिरत होते, तरी घाम. पुढच्या रांगेत सन्मतीच्या सांगलीच्या मैत्रिणी बसल्या होत्या. सोलो रेकॉर्ड करायला त्यांनी आधीच मोबाइल काढून ठेवले होते. मागं साथीला शलमोन सर, साधी गिटार घेऊन, नुसते कॉर्ड धरायला.

रझियाआपा मंचावर आल्या. गळ्याला आज ओढणी नव्हती. खूण दिसत होती. त्यांनी ती लोकांना दिसू दिली.

पहिलं कडवं झालं. आवाज काही ठिकाणी फाटला. प्रेक्षकांत कुणीतरी चुकचुकलं. आपांनी त्या दिशेला असं पाहिलं की पुन्हा कुणी चुकचुकलं नाही.

सोलो आला.

मोबाइल वर झाले.

सन्मतीची बोटं आपोआप जागेवर गेली. सगळं तयार होतं, खालपासून वरपर्यंत, नुसतं सुटायचं होतं. तिनं आपांकडं पाहिलं.

आपांनी माइकचा दांडा धरला होता. घट्ट. बोटांची पेरं पांढरी पडली होती. छाती वर आली, खाली गेली.

सन्मतीनं खालचा एक सूर वाजवला आणि सोडला.

थांबली.

मग थोडे आणखी.

पुन्हा थांबली.

कुणीतरी खोकलं. पुढच्या रांगेतल्या मैत्रिणींनी एकमेकींकडं पाहिलं. विसरली, असं त्यांना वाटलं असणार. सन्मतीला ते कळलं, आणि तिचा राग उसळून आला. यांच्यावर, ड्रमवाल्याच्या त्या हसण्यावर, चुकचुकणाऱ्या त्या माणसावर. या बाईला काचेची बरणी समजणाऱ्या सगळ्यांवर. तिनं तार धरली आणि वरच्या सुराला नेऊन भिडवायची म्हणून जोरानं ओढली.

बोटाला घाम होता. तार पुरी वर गेलीच नाही.

मधेच अडकली. ना खालचा सूर, ना वरचा. तिच्या ओळखीच्या कुठल्याही स्केलमध्ये त्याला घर नव्हतं. सोडून दिला असता तर आणखी वाईट दिसलं असतं, म्हणून तिनं तो तसाच धरून ठेवला. बोट थरथरत होतं. सूरही.

आपांनी तोंड उघडलं.

त्या अडकलेल्या सुरावरच त्यांनी आपला सूर ठेवला. तिथंच थोडा वेळ राहिल्या. मग त्याला हाताशी धरून सावकाश ओळीवर आणून सोडलं.

मागं शलमोन सरांचा कॉर्ड धरलेला हात थांबला होता.

गाणं संपलं. लोक उभे राहिले. आपा झुकल्या नाहीत. ताठ उभं राहून त्यांनी टाळ्या ऐकल्या.

"सोलो कधी होता गं?" पुढच्या रांगेत एक मैत्रीण दुसरीला विचारत होती.

...

पडद्यामागं सामान आवरणं चाललं होतं. सन्मती वायरी ओलांडत तरातरा सरांपाशी आली.

"ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"तार पुरी ओढलीच गेली नाही. घाम होता बोटाला. सूर लागलाच नाही, सर! ना इकडचा, ना तिकडचा. इतकी वर्षं घासून, ऐन वेळी, आपांच्या गाण्यात, भरल्या थिएटरात..." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाही तिला राग येत होता. "आपांनी सांभाळून घेतलं म्हणून. नाहीतर काय झालं असतं? आणि तुम्ही काही बोलत कसे नाही? बोला की! ओरडा! तो एक सूर..."

सरांनी गिटार बॅगेत ठेवली. चेन लावली. पट्टा खांद्यावर घेतला.

"तेवढाच मी घरी घेऊन चाललोय," ते म्हणाले.